जाहिरातलेखनावर चालणारे घर

जाहिरातलेखन म्हणजे एखादी वस्तू, सेवा किंवा संस्था लोकांपर्यंत पोहोचावी यासाठी मोबदला घेऊन केलेले लेखन. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीचा मथळा, रेडिओवरची वीस सेकंदांची जाहिरात, मसाल्याच्या पुडीवरचा मजकूर, पतसंस्थेचे माहितीपत्रक, रुग्णालयाने वाटलेली मधुमेहाची पुस्तिका, मोबाइल ॲपमधली दोन ओळींची सूचना, यूट्यूबवरच्या चित्रफितीची संहिता हे सगळे कोणीतरी लिहिलेले असते आणि त्यावर लिहिणाऱ्याचे नाव सहसा नसते. कथा-कवितांवर घर चालवणारे मराठी लेखक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जाहिरातलेखनावर मात्र मुंबई-पुण्यातच नव्हे, तर नाशिक, कोल्हापूर, नागपूर इथेही अनेकांचा संसार चालतो. तो चार-पाच वर्षे चालणे वेगळे आणि तीस वर्षे चालणे वेगळे. चटपटीत ओळ सुचण्याच्या बळावर सुरुवातीची वर्षे निघून जातात. त्यापुढे टिकतो तो माल आणि गिऱ्हाईक दोन्ही आतून ओळखणारा आणि आपला व्यवहार लेखी ठेवणारा लेखक.

मराठीत याचा सर्वांत बोलका दाखला शंभर वर्षांपूर्वीचा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवायला घेतला, तेव्हा शेतकरी तो घेईनात. लोखंड लागले की जमीन नासते, असा समज होता आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. १९२० मध्ये तिथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. संपादक होते शंकरराव किर्लोस्कर, चित्रकला शिकून आलेले आणि कारखान्याच्या जाहिरातीचे काम बघणारे. मासिकाचा हेतू उघड होता. कारखान्यात काय तयार होते, ते कसे वापरायचे, हे गिऱ्हाइकाला आणि विक्रेत्याला कळावे. पण निव्वळ मालाची भलामण महिन्यामागून महिने कोणी वाचत नाही, हे शंकररावांनी ओळखले. उद्योग, विज्ञान, समाजसुधारणा असे विषय मासिकात येत गेले, नावातले ‘खबर’ गळून ‘किर्लोस्कर’ उरले, १९३० मध्ये ‘स्त्री’ हे मासिक आणि पुढे ‘मनोहर’ही सुरू झाले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध याच ‘किर्लोस्कर’मधून लोकांपुढे आले. नांगर आणि पंप विकणाऱ्या कारखान्याच्या माहितीपत्रकातून महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाला घडवणारी नियतकालिके उभी राहिली. आज ज्याला ‘कंटेंट मार्केटिंग’ म्हणतात आणि ज्याचे वर्ग भरतात, ते किर्लोस्करवाडीत एका माणसाने आयुष्यभर केले. वाचकाच्या उपयोगाचे काही दिल्याशिवाय त्याच्याकडे विकायला जायचे नाही, ही त्यामागची शिस्त आजही या धंद्याचा पाया आहे.

दुसरीकडे जाहिरातसंस्था, म्हणजे रोजच्या बोलण्यातली एजन्सी, आकार घेत होती. १९०५ मध्ये गिरगावात सुरू झालेली बी. दत्ताराम आणि कंपनी देशातल्या सर्वांत जुन्या एजन्सींपैकी एक मानली जाते. पुढे परदेशी कंपन्या मुंबईत आल्या आणि मोठ्या जाहिरातींची भाषा इंग्रजी झाली. मराठी लेखकाला खरे काम मिळाले ते माध्यमांच्या एकेका लाटेबरोबर. १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर जाहिरातींचे प्रसारण सुरू झाले, तेही मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांवरून, आणि जाहिरातीची गाणी मराठी घरांत ऐकू येऊ लागली. मुंबई दूरदर्शन १९७२ चे, त्यावर जाहिराती आल्या १९७६ मध्ये. १९९९ पासून खासगी मराठी वाहिन्या येऊ लागल्या. २०१६ पासून मोबाइलवरचा डेटा स्वस्त झाला आणि तालुक्याच्या गावातला सराफ, क्लासचालक, डॉक्टरही स्वतःची जाहिरात करू लागला. प्रत्येक लाटेत आधीच्या लाटेवर वाढलेले काही लेखक मागे पडले. ज्यांची ओळख फक्त ‘जिंगलवाला’ किंवा फक्त ‘मथळेवाला’ अशी होती, त्यांना त्याचा फटका जास्त बसला. ज्याला गिऱ्हाईक ठाऊक होते, त्याला माध्यम बदलणे त्या मानाने सोपे गेले.

गिऱ्हाईक ठाऊक असणे म्हणजे नेमके काय, हे तासगावच्या बेदाण्यावर पाहता येईल. समजा, एका बेदाणा उत्पादकाला अर्ध्या किलोच्या पाकिटावर मजकूर हवा आहे. मुंबईत बसून लिहिणारा तासाभरात ‘उत्तम दर्जाचा, नैसर्गिक, आरोग्यदायी बेदाणा’ असे लिहून मोकळा होईल. हीच ओळ काजूवर, गुळावर, मधावर चालेल, म्हणजे ती कोणाचीच नाही. दुसरा लेखक एक दिवस काढून बेदाण्याच्या शेडवर जातो. द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढतात, सावलीत जाळ्यांवर पसरतात, वाळल्यावर झाडतात, मग काडी आणि देठ वेगळे करून आकाराप्रमाणे निवडतात, हे तो पाहतो. हिरवा रंग का टिकतो, कोणता माल काळपट पडतो, व्यापारी मूठभर बेदाणा तळहातावर घेऊन आधी काय बघतो, हे विचारतो. मग तो किराणा दुकानात उभा राहतो, दोन-तीन घरांत चौकशी करतो. तिथे त्याला कळते की बेदाण्याबद्दलची तक्रार आरोग्याची नाहीच. सणाच्या दिवशी घाईत खीर करताना देठ काढत बसावे लागते, कधी दाताखाली कचकच लागते, ही तक्रार आहे. शेडवर देठ काढण्याचे यंत्र आहे आणि शेवटची निवड हाताने होते, हे त्याने पाहिलेले असते. मग पाकिटावर येते: ‘देठ नाही, काडी नाही. धुवा आणि खिरीत घाला.’

या ओळीत प्रतिभेची झेप फारशी नाही. पण ती शेडवर जाऊन, खात्री करून लिहिलेली आहे आणि दुसऱ्या कोणत्याही मालाला चिकटवता येणार नाही. असा लेखक पुढच्या वर्षी त्याच उत्पादकाच्या निर्यातीच्या माहितीपत्रकासाठी, मग शेजारच्या हळद व्यापाऱ्यासाठी बोलावला जातो. पाच वर्षांत शेतमाल प्रक्रिया हा त्याचा विषय होतो. त्याला बोलावणारे शब्दांसाठी जेवढे बोलावतात, तेवढेच त्या विषयातल्या जाणकारीसाठी. डेव्हिड ओगिल्वी यांनी १९४८ मध्ये न्यूयॉर्कला एजन्सी काढली, त्याआधी ते स्कॉटलंडमध्ये दारोदार आगा कंपनीच्या चुली विकत होते आणि १९३५ मध्ये त्यांनी त्या विक्रीवर एक पुस्तिका लिहिली होती. दारात उभे राहून ऐकलेला नकार त्यांना पुढे जन्मभर उपयोगी पडला. जाहिरातलेखनात येऊ पाहणाऱ्या मराठी तरुणाने सहा महिने एखाद्या दुकानाच्या गल्ल्यामागे काढले, तर ते वाया जात नाहीत.

बेदाण्याच्या उदाहरणात कायद्याचा मुद्दाही दडलेला आहे. पहिल्या लेखकाने सहज टाकलेला ‘नैसर्गिक’ हा शब्द अन्नपदार्थावर कधी वापरता येतो, याच्या अटी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिराती आणि दाव्यांविषयीच्या नियमांत आहेत. औषधे आणि चमत्कारी उपाय यांच्या जाहिरातींवरचा कायदा १९५४ चा. त्याच्या परिशिष्टात मधुमेहासह ५४ आजार आणि विकार आहेत आणि ते बरे करण्याचा दावा जाहिरातीत करता येत नाही. घरबांधणी प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक लागतो, ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही लागतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तीच चूक केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरातक्षेत्राने स्वतः उभारलेली मानक परिषद १९८५ पासून मुंबईत काम करते आणि पैसे घेऊन केलेल्या समाजमाध्यमांवरच्या शिफारशीला ‘जाहिरात’ असे लेबल लावावे, ही तिची २०२१ ची सूचना आहे. दंड बहुधा लेखकाला होत नाही, कंपनीला होतो. पण ज्याच्या मजकुरामुळे नोटीस आली त्याला पुन्हा काम मिळत नाही, आणि ज्याने आधीच ‘हा दावा काढा, याला पुरावा लागेल’ असे सांगितले त्याला क्लायंट सोडत नाही. आयुर्वेदिक तेलाने टक्कल जाते किंवा वर्षात पैसे दुप्पट होतात, असे लिहून देणारे लेखक भेटतात. ते वाचणारा माणूस आजारी किंवा अडचणीत असतो. असे काम नाकारणे हा लेखकाच्या नीतीचा भाग तर आहेच, त्याच्या पोटापाण्याचाही आहे.

मराठी लेखकाच्या वाट्याला येणारे पुष्कळसे काम भाषांतराचे असते. मोहीम इंग्रजीत किंवा हिंदीत ठरते, छायाचित्रे होतात, मथळ्याची जागा मोजून ठेवलेली असते आणि मग ‘संध्याकाळपर्यंत मराठी करून द्या’ असा निरोप येतो. त्यातून मराठी वर्तमानपत्रांत रोज दिसणारी वाक्ये तयार होतात. त्यांतला प्रत्येक शब्द मराठी असतो, तरी कोणत्याच घरात तसे बोलत नाहीत. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाखांहून अधिक होते. एवढ्या मोठ्या समाजाला उष्ट्या भाषेत जाहिरात मिळावी, हे खुपते. यावर उपाय एकच, ब्रीफ, म्हणजे जाहिरातीत काय सांगायचे ते, ठरते त्या बैठकीत मराठी लेखक असणे. हिंदीत हे घडले त्याचे बरेचसे श्रेय पीयूष पांडे यांना दिले जाते. १९८२ मध्ये ते ओगिल्वीत क्लायंट सर्व्हिसिंगमध्ये लागले, काही वर्षांनी लेखनाकडे वळले आणि फेविकॉलसारख्या जाहिराती इंग्रजीतून न येता थेट गल्लीतल्या बोलीतून लिहिल्या जाऊ लागल्या. १९८८ च्या ‘मिले सुर मेरा तुम्हारा’चे शब्दही त्यांचेच. २०२५ मध्ये ते गेले तेव्हा हिंदी जाहिरातीचा दर्जा इंग्रजीच्या खालचा उरला नव्हता. मराठीत ही जागा अजून पुरती भरलेली नाही. जो लेखक भाषांतर करून देताना ‘हे मराठीत असे म्हणत नाहीत, त्याऐवजी हे दोन पर्याय पाहा’ असे कारणासह कळवतो, त्याला पुढे मूळ लेखनासाठी बोलावले जाण्याची शक्यता वाढते. भाषांतराचा दर शब्दावर ठरतो, मूळ कल्पनेचा दर कामावर. तीस वर्षांच्या मिळकतीत हा फरक मोठा होतो.

या क्षेत्रात शिरण्याचे मार्ग अनेक आहेत. मुंबईचे झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स, अहमदाबादची मायका, पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट, मास मीडियाचे पदवी अभ्यासक्रम यांतून दरवर्षी तरुण बाहेर पडतात. मात्र नोकरी प्रमाणपत्र पाहून मिळत नाही. एजन्सी कॉपी टेस्ट घेते आणि आधी केलेले काम बघते. काम नसेल तर स्वतःहून केलेले नमुने चालतात, फक्त ते खऱ्या मालावर आणि खऱ्या अडचणीवर असावेत. पहिली तीन-चार वर्षे एजन्सीत काढणे हिताचे, कारण तिथे एकाच आठवड्यात बँक, केसांचे तेल आणि ट्रॅक्टर यांवर लिहावे लागते, वरिष्ठ दहापैकी नऊ ओळी खोडतो आणि दहावी का ठेवली ते सांगतो. लेखक आणि चित्रकार यांनी जोडीने काम करण्याची पद्धत १९४९ मध्ये न्यूयॉर्कला निघालेल्या डॉइल डेन बर्नबाख या एजन्सीतून रुळली. त्या जोडीत राहिल्याने शब्द कुठे गाळावेत हे कळते. वीस सेकंदांच्या रेडिओ जाहिरातीत जेमतेम चाळीस-पंचेचाळीस मराठी शब्द बसतात, हे घड्याळ लावून मोठ्याने वाचल्याशिवाय लक्षात येत नाही. लहान शहरातल्या एजन्सीला कमी लेखण्याचे कारण नाही. तिथे लेखकाला दुकानदार समोर बसलेला मिळतो आणि शनिवारी जाहिरात आली तर सोमवारी दुकानात किती माणसे आली, हे त्याच्याच तोंडून ऐकायला मिळते. मोठ्या कंपनीच्या जाहिरातीत हे भाग्य वर्षानुवर्षे लाभत नाही.

नोकरी सोडून स्वतंत्र काम करणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि बहुतेकांची गाडी अडते ती दर ठरवताना. एक साधा हिशेब मांडून पाहावा. घरखर्चाला महिना ६०,००० रुपये लागतात, म्हणजे वर्षाला ७,२०,०००. लॅपटॉप, इंटरनेट, प्रवास, आरोग्यविमा, कर असे आणखी १,८०,००० धरले तर ९,००,००० होतात. आठवड्याचे पाच दिवस धरून वर्षात २६० दिवस, त्यांतून सण, आजारपण, सुट्ट्या यांचे ३० गेले की २३० उरतात. पण या प्रत्येक दिवसाचे पैसे मिळत नाहीत. नवे काम शोधणे, बैठका, कोटेशन, बिले, वसुलीचे फोन, वाचन यांत निम्मे दिवस जातात. उरलेल्या ११५ दिवसांत ९,००,००० रुपये यायचे तर दिवसाला सुमारे ७,८०० रुपये पडायला हवेत. आता हाच लेखक शब्दाला एक रुपया या दराने काम घेत असेल, तर त्याला त्या प्रत्येक दिवशी ७,८०० शब्द लिहावे लागतील. ते कोणालाच जमणारे नाही. उलट सहा शब्दांच्या होर्डिंगला दोन दिवस लागत असतील, तर त्याचे किमान १५,६०० रुपये झाले पाहिजेत. शब्द मोजून पैसे घेणारा जाहिरातलेखक स्वतःच्या कौशल्याविरुद्ध काम करतो, कारण त्याचे सगळे कौशल्य शब्द कमी करण्यात आहे. कामावर ठोक रक्कम, आणि जमेल तिथे दरमहा ठरलेली रक्कम, म्हणजे रिटेनर, हीच या धंद्यातली टिकाऊ रीत आहे.

रिटेनर मिळाला की हायसे वाटते, आणि तिथेच दुसरा धोका सुरू होतो. एकाच क्लायंटकडून निम्म्याहून जास्त मिळकत येत असेल, तर त्या कंपनीतला मार्केटिंग मॅनेजर बदलला तरी लेखकाच्या घरचे अंदाजपत्रक कोसळते. नवा माणूस आपली माणसे घेऊन येतो, त्यात कोणाचा राग-लोभ नसतो. म्हणून तीन-चार लहान-मध्यम रिटेनर, त्यांच्या जोडीला सुटी कामे आणि सहा महिन्यांच्या खर्चाइतकी बाजूला ठेवलेली रक्कम अशी बांधणी अनुभवी लोक करतात. महाराष्ट्रातल्या कामाला स्वतःचे पंचांगही आहे. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, गणपती, दसरा आणि दिवाळी या दिवसांभोवती सराफ, वाहनविक्रेते, बांधकाम व्यावसायिक आणि कापड दुकाने आपला बराचसा पैसा खर्च करतात. पितृपक्षात बाजार थंड असला तरी लेखकाकडे तेव्हाच दसरा-दिवाळीच्या कामाची गर्दी असते. दिवाळीनंतर शुकशुकाट होतो. पैसे मात्र लिहिल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी येतात. हे ठाऊक असलेला लेखक बँका, रुग्णालये, शिक्षणसंस्था, शेती-अवजारे यांसारखी वर्षभर चालणारी किंवा वेगळ्या हंगामाची कामे मुद्दाम धरून ठेवतो.

करारपत्र हा विषय मराठी लेखकाला संकोचाचा वाटतो. ओळखीतले काम असते, ‘लिहून द्या, बघू’ एवढ्यावर सुरू होते आणि सातव्यांदा बदल सांगितल्यावर संबंध बिघडतात. काय लिहायचे, किती फेरबदल रकमेत धरलेले आहेत, त्यापुढे किती आकार, अर्धी रक्कम आगाऊ, काम मध्येच थांबले तर किती द्यायचे, हे एका ईमेलमध्ये आधी लिहिले तरी भागते. त्यात हक्कांचाही उल्लेख हवा. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार नोकरीत असताना लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक सहसा मालक-कंपनी असते. स्वतंत्र लेखकाने लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक मात्र तो स्वतः असतो आणि हक्क द्यायचा तर लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. त्या लेखात मुदत नसेल तर हक्क पाच वर्षांसाठी दिला असे धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. दोन-चार शब्दांच्या घोषवाक्याला कॉपीराइटचे कवच सहसा मिळत नाही, ते ट्रेडमार्कखाली नोंदवले जाते. व्यवहारात क्लायंटला सगळे हक्क हवे असतात आणि ते द्यायला हरकत नाही. फक्त त्याची किंमत दरात धरावी आणि आपल्या कामाचा नमुना म्हणून ते दाखवण्याची परवानगी लेखी घ्यावी. ज्या लेखनावर नाव छापले जात नाही, त्याची ही एवढीच नोंद लेखकाजवळ राहते. नमुन्याबरोबर अडचण काय होती, काय लिहिले आणि पुढे काय घडले, या तीन गोष्टी अर्ध्या पानात टिपून ठेवणारा लेखक दहा वर्षांनी नवे काम मागताना त्या नोंदीवर उभा राहतो.

पैसे वेळेवर न मिळणे ही या धंद्याची जुनी दुखरी बाजू आहे. यावर कायद्याचा आधार आहे आणि तो फार थोड्या लेखकांना माहीत असतो. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा सेवा देणाऱ्यांनाही लागू होतो. त्यासाठीची ‘उद्यम’ नोंदणी आधार आणि पॅनवर विनाशुल्क होते. नोंदणी झालेल्या लहान सेवादात्याचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते आणि याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. २०२३ च्या वित्त कायद्याने यात आणखी जोर आणला. या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर देणाऱ्या कंपनीला तो खर्च करपात्र उत्पन्नातून वजा मिळतो तो प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच. एखाद्या क्लायंटला परिषदेपुढे खेचण्याची वेळ सहसा येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की हिशेब खात्यातला माणूस ते बिल गठ्ठ्याच्या वर ठेवतो, आणि लेखकाला हवे असते तेवढेच. व्यावसायिक शुल्कातून सामान्यतः १० टक्के करकपात होते, ती विवरणपत्र भरून हिशेबात घ्यावी. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी करावी लागते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि या व्यवसायाच्या तळाशी असलेले काम झपाट्याने स्वस्त झाले. शंभर साड्यांची वर्णने, सणाच्या शुभेच्छा, नेहमीच्या साच्यातले लेख यांसाठी माणसाला पूर्वीसारखे पैसे देणे अनेक कंपन्यांनी थांबवले. नवख्या लेखकांचा हात याच कामांवर बसत असे, म्हणून हे नुकसान खरे आहे आणि ते हसण्यावारी नेऊ नये. यंत्र पाहिजे तितकी गुळगुळीत वाक्ये देते. ते तासगावच्या शेडवर जात नाही, किराणा दुकानात उभे राहत नाही आणि ‘देठ नाही’ हे खरे आहे का याची जबाबदारी घेत नाही. त्याच्या मराठीत इंग्रजी वाक्याची घडण अजून बरेचदा उघडी दिसते, उद्या कदाचित ती झाकली जाईल. म्हणून केवळ भाषेच्या शुद्धतेवर विसंबून चालणार नाही. मुलाखत घेणे, कारखाना बघणे, विक्रेत्याशी बोलणे, क्लायंटला न आवडणारे सत्य सांगणे, दाव्याचा पुरावा तपासणे ही कामे ज्याच्याकडे आहेत त्याला मसुदा कोणी केला याची फार चिंता करावी लागत नाही. वरिष्ठांनी नवख्यांना साड्यांच्या वर्णनांऐवजी थेट दुकानात पाठवायला सुरुवात केली, तर शिकण्याची मोडलेली पायरी पुन्हा बसवता येईल. काही एजन्सी ते करू शकतात, पण करत नाहीत, ही खंत आहे.

जाहिरातीत राहून स्वतःचे लेखन टिकते का, हा प्रश्न मराठीत नेहमी येतो. अरुण कोलटकर मुंबईच्या जाहिरातक्षेत्रात आर्ट डायरेक्टर होते, या क्षेत्रातला ‘कॅग’ पुरस्कार त्यांना सहा वेळा मिळाला आणि ‘जेजुरी’ला १९७७ मध्ये राष्ट्रकुल कवितापुरस्कार. त्यांची उपजीविका कवितेवर अवलंबून नव्हती, म्हणून कवितेला कोणाची मर्जी राखावी लागली नाही. हे सगळ्यांना साधते असे नाही. दिवसभर दुसऱ्याच्या मालासाठी शब्द झिजवल्यावर रात्री स्वतःसाठी लिहायला हात उचलत नाही. ज्यांना साधले त्यांनी बहुधा वेळेची आधीच फाळणी केलेली असते, सकाळचे दोन तास स्वतःचे आणि त्या वेळी फोन बंद. रिटेनरवर चालणाऱ्या लेखकाला ही फाळणी परवडते, रोज नव्या कामामागे धावणाऱ्याला नाही.

पन्नाशीनंतरचा काळ या व्यवसायात कठीण मानला जातो. एजन्सी तरुणांची असते आणि तिथला वरिष्ठ लेखक एकतर व्यवस्थापक होतो किंवा बाहेर पडतो. बाहेर पडलेल्यांपुढचे रस्ते त्यांच्या आधीच्या वीस वर्षांवर ठरतात. ज्याने शेतीमाल, वैद्यक, बँकिंग किंवा शिक्षण यांपैकी एखादा विषय धरून ठेवला, त्याला कंपन्या ओळी लिहायला बोलावण्याऐवजी काय बोलावे आणि काय बोलू नये हे ठरवायला बोलावतात. अशा सल्ल्याचा दर लेखनाच्या दरापेक्षा जास्त असतो. काहीजण कंपन्यांसाठी मराठी भाषानियमावली तयार करतात. ग्राहकाला ‘तुम्ही’ म्हणायचे की ‘आपण’, ‘खाते’ लिहायचे की ‘अकाउंट’, रक्कम अंकात कशी छापायची, तक्रारीचे उत्तर कोणत्या सुरात द्यायचे, चूक झाली तर माफी कशी मागायची, हे सगळे त्यात एकदा ठरते आणि मग ग्राहकसेवा केंद्रातल्या मुलीपासून ॲप बनवणाऱ्या अभियंत्यापर्यंत सगळे ते वापरतात. मराठीत अशी नियमावली असलेल्या कंपन्या अजून थोड्या आहेत. ती तयार करायला तीन-चार महिने लागतात, त्यासाठी आधी ग्राहकांचे शेकडो फोन ऐकावे लागतात, आणि दर एक-दोन वर्षांनी ती सुधारण्याचे कामही बहुतेक वेळा त्याच लेखकाकडे येते.